गाळलेले अकरा सेकंद

३ मार्च, सोमवार

आजपासून आमचा सीझन सुरू झाला. ही वही मराठीत लिहिते आहे, म्हणजे ऑफिसात कुणाच्या हाती लागली तरी वाचता येणार नाही. घरी लेक अंतराला अक्षरं येतात, पण जोडाक्षर आलं की ती वही मिटते. लिहायचं नवऱ्याने, सुशांतने सुचवलं. म्हणाला, मनातलं कागदावर काढ, म्हणजे जेवता जेवता मध्येच थांबणं तरी बंद होईल. मी जेवताना थांबते हे मला माहीत नव्हतं.

काल आईने फोनवर पुन्हा विचारलं, तू तिथे नेमकं करतेस काय? मी सांगितलं की एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो, तेव्हा अमेरिकन फुटबॉलच्या प्रोफेशनल टीम्स कॉलेजमधले खेळाडू निवडतात. त्याआधी त्यांची चाचणी होते. चाळीस यार्ड किती सेकंदांत, जागेवरून उडी किती उंच, मागेपुढे धावायची शटल किती वेळात. मोठ्या नावांची मुलं राष्ट्रीय चाचणीला जातात. उरलेल्यांपैकी काहींना त्यांचे एजंट आमच्याकडे पाठवतात. आम्ही आकडे काढतो आणि रिपोर्ट टीम्सना पाठवतो. दंड किती लांब, पंजा किती रुंद, तेही मोजतो. आई म्हणाली, "म्हणजे बाजारात बैलाचे दात बघतात तसं." मी हसले, पण ते दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

कीनन राउन्ट्रीचं नाव इथे एकदा लिहून टाकते. गेल्या मार्चमध्ये तो आमच्याकडे धावला होता. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही, पण नंतर एका टीमने कॅम्पला बोलावलं. जुलैच्या शेवटी, पहिल्याच कडक उन्हाच्या दिवशी, तो मैदानात पडला आणि उठला नाही. बावीस वर्षांचा होता. माझा त्याच्याशी तसा काही संबंध नाही. मी फक्त वेळ मोजली होती.

६ मार्च, गुरुवार

सकाळी हॉल उघडायला मीच गेले. कॅरी गावाबाहेरचं हे जुनं गोदाम आहे. आत हिरवं टर्फ टाकलंय, वर पत्रा आहे. वारा सुटला की पत्रा ठोके दिल्यासारखा वाजतो. वेळ मोजायची लेसरची फाटकं लावताना मला शटलच्या शेवटच्या रेघेपाशी कुणीतरी वाकून उभं दिसलं. हात गुडघ्यांवर, मान खाली. मी वळून नीट पाहिलं तर तिथे शंकूंची चळत होती.

कीननने माझं नाव नीट विचारून घेतलं होतं. बाकीचे सगळे मला "मॅम" म्हणतात, किंवा "सू". त्याने तीनदा म्हणून पाहिलं, सु-ने-त्रा, आणि जमल्यावर स्वतःवरच खूश झाला. शटल झाल्यावर तो पाणी प्यायला आणि गेला. एवढंच.

दुपारी घरी आल्यावर अंतरा सोफ्यावर झोपली होती. मी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. ती जागी झाली आणि म्हणाली, "आई, यू हॅव टू स्टॉप डुइंग दॅट." मी रोज असं करते म्हणे. काहीतरीच. एकदोनदा केलं असेल.

११ मार्च, मंगळवार

आज चौदा जण होते. नववा आला एलायजा पर्व्हिस, फेएटव्हिलचा, कॉर्नरबॅक. म्हणजे समोरच्या टीमच्या पळणाऱ्या खेळाडूला सावलीसारखं चिकटून राहायचं काम. चाळीस यार्डांसाठी तो रेघेवर वाकला, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली गेला. कीनन असाच वाकला होता. निघाल्यावर पहिली तीन पावलंही तशीच, बुटकी आणि जड, आणि मग एकदम सुटणं. चार पॉइंट चार सहा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा आकडा लिहायचा राहिला, बाजूच्याला विचारून लिहिला.

मग शटल. रेघेपर्यंत धावायचं, हात लावायचा, परत यायचं, अशा वाढत्या अंतराच्या तीन खेपा, साठ यार्ड. छातीला पट्टा असतो, त्यावरून हृदयाचे ठोके माझ्या स्क्रीनवर येतात. शेवटच्या वळणावर त्याची रेघ एकशे ऐंशीवरून थेट दोनशे अठ्ठावीसवर गेली. नऊ सेकंद तिथेच राहिली. मग पायरी उतरावी तशी खाली आली.

स्क्रीनवर नेहमीची चौकट आली. "पट्ट्याचा दोष असू शकतो. गाळायचं?"

मी उठून बाहेर गेले. पार्किंगमध्ये उभी राहिले. परत आले तेव्हा टॉडने माझ्या खुर्चीतून हात लांबवून "हो" दाबलं होतं. टॉड माझा बॉस आहे. माणूस वाईट नाही. त्याला चौदा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते.

१२ मार्च, बुधवार

आता लिहायलाच हवं. गेल्या वर्षी कीननच्या शटलला असंच झालं होतं. दोनशे एकतीस, अकरा सेकंद. चौकट आली आणि मी "हो" दाबलं. दोनशे वीसच्या वरचं गाळायचं हा नियमच आहे. पट्टे घामाने सरकतात, खोटे आकडे देतात, दिवसाकाठी पाचसहा वेळा तरी हे होतं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं.

जुलैत बातमी आली तेव्हाही मी स्वतःला हेच सांगितलं होतं.

गाळलेलं रिपोर्टमध्ये जात नाही, पण मूळ फाइल राहते. आज लंच टाइममध्ये गेल्या वर्षीची फाइल उघडली आणि एकावर एक दोन्ही रेघा ठेवल्या. एकच माणूस दोनदा धावल्यासारखं दिसत होतं. मला भीती वाटली की माझ्याच डोळ्यांत काहीतरी बिघडलंय. गेलं वर्षभर ती रेघ मला इतकी पाठ झालीये की आता दुसऱ्याच्या अंगातही तीच दिसते. पर्व्हिस फेएटव्हिलचा, राउन्ट्री रॉकी माउंटचा. आडनावं वेगळी, कॉलेजं वेगळी. एलायजाच्या फॉर्मवर "कुटुंबात कुणाचा अचानक मृत्यू?" याच्यापुढे "नाही" लिहिलंय. पेनाने आधी दुसरं काही लिहून खोडलंय, त्याखाली "नाही".

१५ मार्च, शनिवार

गिरीशकाकांकडे गेले. चाळीस वर्षांपूर्वी नागपूरहून आले, आयुष्यभर हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी त्यांना कोपऱ्यात गाठून रिपोर्ट दाखवतं, म्हणून मी मुद्दाम घरी गेले. नावं झाकून दोन्ही रेघा पुढे ठेवल्या. काकूंनी चहा आणला, तो निवला तरी काका बघतच होते.

"पट्टा खोटं बोलतो, पण असं नाही," ते म्हणाले. "सैल पट्ट्याची रेघ फाटते. दातेरी होते. ही स्वच्छ चढलीय आणि स्वच्छ उतरलीय. हे हृदयच आहे."

"दोघांचंही?"

"दोघांचंही. एवढ्यावरून रोगाचं नाव मी सांगणार नाही. पण या दोघांना आजच्या आज पळणं थांबवून तपासायला हवं. भाऊ आहेत का?"

मी सांगितलं, नाही, आडनावंसुद्धा वेगळी आहेत.

"आडनावाचं काय घेऊन बसलीस, सुनेत्रा. विचारलंस का त्यांना?"

तेव्हा मी सांगितलं की पहिला जुलैत गेला. काकांनी चष्मा काढला. मला वाटत होतं ते म्हणतील, तुझा काय दोष, तू डॉक्टर थोडीच आहेस. ते ऐकायलाच मी गेले होते हे मला तिथे बसल्यावर कळलं. काका तसं काही बोलले नाहीत. दाराशी आल्यावर एवढंच म्हणाले, "दुसऱ्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

१८ मार्च, मंगळवार

टॉडला सगळं सांगितलं, म्हणजे एलायजाचं. कीननची फाइल मी उघडली होती हे सांगितलं नाही. तो दार लावून शांतपणे बोलला. आपण मेडिकल लॅब नाही. खेळाडूंनी सही केलेल्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलंय. आपण असं काही बोललो आणि ते चुकीचं निघालं, तर त्या मुलाचं आयुष्य आपण बरबाद केलेलं असेल, आणि एकही एजंट पुन्हा इथे कुणाला पाठवणार नाही. पंचवीस तारखेला त्याच्या कॉलेजात टीम्सचे लोक येणार आहेत, तिथले डॉक्टर बघतील काय ते. मी विचारलं, बघतील का नक्की? तो म्हणाला, "सू, दॅट्स नॉट अवर जॉब." आणि खेळाडूशी परस्पर बोलायचं नाही, असं बजावलं.

सुशांतला सांगितलं. तो भांडी लावत होता, तशीच लावत राहिला. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज माझ्या नोकरीवर आहे. "अकरा वर्षं थांबलोय यार आपण," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुला खात्री आहे का?" मी म्हटलं, गिरीशकाकांना आहे. तो म्हणाला, "तुला विचारतोय."

 हॉलमध्ये आज पुन्हा कुणीतरी रेघेपाशी वाकलेलं दिसलं. शंकू मी कालच दुसरीकडे नेऊन ठेवले होते.

२० मार्च, गुरुवार

आजारी आहे असं कळवून सुट्टी घेतली आणि फेएटव्हिलला ड्राइव्ह केलं. एलायजा एका जिमच्या मागच्या मैदानात एकटाच सराव करत होता. मला पाहून आधी हसला. त्याला वाटलं, त्याच्या आकड्यांबद्दल काहीतरी चांगलं सांगायला आलेय.

मी गाडीत लॅपटॉप उघडून त्याची रेघ दाखवली. काकांनी शिकवलं होतं तशा साध्या शब्दांत सांगितलं, की बहुतेक तुझ्या हृदयात काहीतरी आहे, तपासल्याशिवाय पळू नकोस. त्याने ऐकून घेतलं. मग हे आणखी कुणी पाहिलंय का विचारलं. मग म्हणाला की पाच दिवसांवर आलंय, पाच दिवस, आणि पुढे म्हणाला की तो आठ वर्षांचा असल्यापासून यासाठी पहाटे उठतोय. आवाज चढला नाही. त्याने चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, याच्या आधी एका मुलाचं असं झालंय, म्हणून आले.

तो माझ्याकडे बघत राहिला. "कीनन?"

मी लॅपटॉपकडे पाहिलं.

"कीनन माझा भाऊ होता," तो म्हणाला. "वडील एक. ते कुठल्याच कागदावर नाहीत, म्हणून फॉर्मवर काय लिहायचं मला कळलं नाही. आम्ही दोनदाच भेटलो. त्याच्या घरच्यांनी मला फ्युनरलला मागच्या बाकावर बसू दिलं." बाटलीचं झाकण तो उघडत आणि लावत होता. "त्याचंही पट्ट्यावर असंच आलं होतं?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

लॅपटॉपवर, त्या फाइलच्या मागे, दुसरी फाइल उघडीच होती. मी झाकण मिटवलं. येताना पूर्ण एक तास मला रस्ता दिसला असेल, पण आता आठवत नाही.

२५ मार्च, मंगळवार

आज त्याचा दिवस. तो धावला की नाही हे मला कळायला मार्ग नाही. सकाळपासून फोन उलटा ठेवलाय. पत्रा वाजत होता. अकरा जणांची शटल मोजली, एकदाही चौकट आली नाही, आणि दर वेळी ती येईल म्हणून माझं बोट हवेत होतं.

२ एप्रिल, बुधवार

पंचवीसला एलायजा गेलाच नाही. एजंटने टॉडला फोन करून विचारलं, तुमच्या बाईने माझ्या खेळाडूला काय सांगितलं. मला दुपारी खोलीत बोलावलं. दोन माणसं होती, एक मी कधी न पाहिलेला. नियम मोडल्याबद्दल आजपासून काम बंद. मी वाद घातला नाही. बाहेर पडताना टॉडने मला घालायला कोट धरला आणि म्हणाला की त्याला वाईट वाटतंय. ते खरं असावं.

एका गोष्टीबद्दल मात्र लिहायला हवं. दोन्ही मूळ फाइल्स बारा तारखेलाच माझ्या लॅपटॉपवर आल्या होत्या. त्या मी परत केल्या नाहीत.

सुशांत म्हणाला, त्याच्या कंपनीला विचारून बघू, सगळे कागद पुन्हा करावे लागतील. रागावला नाही. अंतराने माझ्या शेजारी बसून हात पुढे केला, मनगट वर करून, आणि म्हणाली, "गो अहेड, चेक." मला ते बघवलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

एलायजाचा मेसेज आला. हृदयाचा स्नायू जाड झालाय, जन्मापासूनचं, घराण्यात चालणारं. फुटबॉल बंद, कायमचं. छातीत एक यंत्र बसवणार आहेत, ठोका चुकला तर झटका देणारं. खाली एकच वाक्य: "डॉक्टर म्हणतात मी नशीबवान आहे, तुम्हाला काय वाटतं?"



गिरीशकाकांना फोन केला. ते म्हणाले, "एक जीव वाचला." मी म्हटलं, हो. 

२६ एप्रिल, शनिवार

ड्राफ्टचा शेवटचा दिवस. सुशांत बंद कर म्हणत होता, मी टीव्ही लावून बसले. दुपारपासून नावं येत होती. ज्याचं नाव येतं त्याच्या घरचं दाखवतात, आई किंचाळते, भाऊ अंगावर उड्या मारतात. आमच्या चौदांपैकी एकाचं नाव आलं. चार पॉइंट पाच सहावाल्याचं. तो एलायजापेक्षा हळू होता.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी अनोळखी नंबर. रॉकी माउंटहून लॉरेटा राउन्ट्री, कीननची आई. एलायजाच्या डॉक्टरांना कीननचा पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट हवा होता, म्हणून तो पहिल्यांदा तिच्या दारात गेला. तिने त्याला विचारलं, तुझं कळलं कसं. त्याने पट्ट्याचं सांगितलं.

"माझा मुलगाही तिथेच धावला होता," ती म्हणाली. "त्यालाही तो पट्टा लावला होता का?"

"हो."

पलीकडे रेडिओवर कुणीतरी गात होतं, तो तिने बंद केला. "मग शनिवारी इकडे या," ती म्हणाली. "हे मला फोनवर ऐकायचं नाही."

सुशांत म्हणाला, आधी वकिलाशी बोल. बरोबरच आहे त्याचं. मी वकिलाला फोन केला नाही.

३ मे, शनिवार

संध्याकाळी परत आले. आठवतंय तोवर सगळं लिहिते.

विटांचं बुटकं घर. एलायजा बाहेर पायरीवर बसला होता, त्याने मान हलवली. आत किचनच्या टेबलाशी मिस लॉरेटा. इकडे मोठ्या बायकांना असंच म्हणतात. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल, शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे. तिने मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभी राहिली.

मी सांगितलं, की अकरा सेकंद होते. मी पाहिले. स्क्रीनने विचारलं आणि मी गाळले. तसा नियम आहे.

"म्हणजे मशीन चुकलंय असं तुम्हाला खरंच वाटलं?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. या वहीतही मी तेच म्हणत आले. पण ती उभी होती, आणि मागे फ्रिजवर त्याचे लहानपणापासूनचे फोटो होते, आणि मी म्हणाले, "नाही."

मग जे मी सुशांतला, काकांना, या वहीलासुद्धा सांगितलं नव्हतं ते सांगितलं. शटल संपल्यावर कीनन गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. माझ्या टेबलापासून चार पावलांवर. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "मिस सुनेत्रा, डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय." रेघ तेव्हा वर होती. मी त्याच्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मला कळलं. काय ते नाही कळलं, पण काहीतरी आहे हे कळलं. पुढे सहा मुलं रांगेत होती. मी म्हणाले, "पाणी पी, बरं वाटेल." तो हसला आणि वेळ किती आली विचारलं. मी सांगितली. चांगली वेळ होती.

मिस लॉरेटा नळाकडे गेली आणि पाणी सोडून तशीच उभी राहिली. नळ बंद केल्यावर ती वळली नाही.

"जिथे सांगेन तिथे हे पुन्हा सांगाल? कागदावर? कोर्टात?"

"हो."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. टेबलावर, चर्चच्या एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर, तारीख घालून. लिहिताना मला रडू यायला लागलं. तिने कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला.

"हे इथे नको," ती म्हणाली. "तुमचं वाईट वाटणं माझ्या किचनमध्ये नको. ते तुमच्या घरी जाऊन करा."

बाहेर एलायजा माझ्या गाडीला टेकून उभा होता. शर्टाच्या गळ्यातून यंत्राच्या टाक्यांवरची पट्टी दिसत होती. त्याने सगळं ऐकलं होतं, खिडकी उघडी होती. मला वाटलं, तो म्हणेल, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. तो म्हणाला, "बघू दे मला."

मी लॅपटॉप बॉनेटवर ठेवला आणि कीननची फाइल उघडली. उन्हात नीट दिसत नव्हतं, त्याने हाताची सावली केली. खूप वेळ बघितलं. मग एक बोट त्या उंच सपाट भागावर ठेवलं, डावीकडून उजवीकडे हळूहळू नेलं.

"इथे तो तुमच्याशी बोलत होता?"

"हो."

"आणि इथे?"

"इथे हसला."

घरातून मिस लॉरेटाने त्याला हाक मारली, जेवण वाढलंय, थंड होईल. तो लगेच वळला नाही. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवून तो आत गेला, आणि तिने दार लावून घेतलं.